एसडब्ल्यूआय प्रोलॉग इंटरप्रिटर: नाशिकच्या प्रयोगशाळेतील एका सत्राचा अनुभव

तर्कावर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा विद्यार्थ्यांना शिकवायची असेल, तर तिचा कोणता इंटरप्रिटर (त्या भाषेतील प्रोग्रॅम वाचून चालवणारे सॉफ्टवेअर) घ्यावा, हा प्रश्न यंदा सत्र सुरू होण्यापूर्वीच माझ्यापुढे आला. नाशिकमधील ज्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा मी सांभाळतो, तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रात्यक्षिकांत प्रोलॉग या अशाच भाषेचे काही प्रयोग आहेत. आजवर ते एका जुन्या आवृत्तीवर उरकले जात. ती आवृत्ती कोणी आणि केव्हा आणली हे कोणालाच सांगता येत नसे. पेन ड्राइव्हवरून एका संगणकावरून दुसऱ्यावर उतरवत ती वर्षानुवर्षे चालली होती. यंदा ती पूर्णपणे काढून टाकून मी सर्व २४ संगणकांवर एसडब्ल्यूआय प्रोलॉग नव्याने बसवला, आणि सत्रभर विद्यार्थ्यांबरोबर बसून तो वापरला. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. जो शिक्षक किंवा विद्यार्थी मराठीतून विचार करतो आणि मराठी शब्दांनीच पहिला प्रोग्रॅम लिहू इच्छितो, त्याच्या दृष्टीने हा इंटरप्रिटर कसा आहे, याकडे मी विशेष लक्ष दिले आहे.

भाषा स्वतः नवी नाही. १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे अलँ कोल्मेरोअर आणि फिलिप रूसेल यांनी ती घडवली, आणि रॉबर्ट कोवाल्स्की यांनी एडिनबरा येथे केलेल्या तार्किक मांडणीचा तिला आधार मिळाला. जपानने १९८२ मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकांचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा त्याचा पाया तर्काधारित प्रोग्रॅमिंग हाच ठरवला होता. एसडब्ल्यूआय प्रोलॉगचे काम यान विलेमाकर यांनी १९८७ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठात सुरू केले. भाषेचे आंतरराष्ट्रीय मानक १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे पाठ्यपुस्तकांतील जुने प्रोग्रॅम येथे बहुतेक वेळा जसेच्या तसे चालतात. इंटरप्रिटर विनामूल्य आहे, त्याचा मूळ कोडही खुला आहे, आणि महाविद्यालयाला त्यासाठी कोणत्याही परवान्याच्या कागदपत्रांची यातायात करावी लागत नाही. आमच्यासारख्या ठिकाणी ही गोष्ट छोटी नाही, कारण खरेदीचा एक अर्ज मंजूर होईपर्यंत अर्धे सत्र निघून जाते.

बसवण्याच्या कामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते सोपे आहे. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळतो. तो एकदा उतरवून घेऊन मी प्रयोगशाळेच्या नेटवर्कवर ठेवला आणि तेथून प्रत्येक संगणकावर चालवला. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे. पहिली गोष्ट आवृत्तीच्या क्रमांकाची आहे: त्यातील मधला आकडा सम असेल तर ती स्थिर आवृत्ती, विषम असेल तर विकासाधीन, म्हणजे ९.२ ही स्थिर आणि ९.३ ही विकासाधीन. प्रयोगशाळेत स्थिर आवृत्तीच बसवावी. दुसरी गोष्ट पाथची, म्हणजे संगणक प्रोग्रॅम जेथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीची. इन्स्टॉलर चालू असताना प्रोग्रॅमचा मार्ग पाथमध्ये जोडायचा का, असे विचारले जाते. तो पर्याय आपण जाणीवपूर्वक निवडावा. घाईने पुढे पुढे क्लिक करत गेल्यास प्रोग्रॅम बसतो खरा, पण कमांड प्रॉम्प्टवर त्याचे नाव टंकल्यावर अशी कमांडच नाही असे उत्तर मिळते, आणि नवा विद्यार्थी तेथेच हिरमुसतो. उबंटूवर ॲप्टच्या, म्हणजे तेथील प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनाच्या, एका आदेशात काम होते. तेथील भांडारात येणारी आवृत्ती थोडी मागची असते, आणि नवी हवी असेल तर वेगळे भांडार जोडता येते. आमच्या प्रात्यक्षिकांना मागची आवृत्तीही पुरेशी ठरली.

खरी परीक्षा बसवून झाल्यावर सुरू होते. एसडब्ल्यूआयपीएल ही पाच अक्षरे रोमन लिपीत टंकून एंटर दाबले की स्वागताचा मजकूर येतो आणि त्याखाली प्रश्नचिन्ह व आडवी रेघ दिसते. इतर भाषांत या जागी आपण आज्ञा देतो. येथे प्रश्न विचारायचा असतो, आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा असतो. पूर्णविराम विसरल्यास इंटरप्रिटर काही बोलत नाही. पुढच्या ओळीवर एक उभी रेघ दाखवून वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहत राहतो. पहिल्या तासाला निम्म्या वर्गाने संगणक अडकला असे सांगितले, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर ती उभी रेघच होती. फाइल वाचून घ्यायची तर चौकटी कंसात तिचे नाव लिहून पूर्णविराम द्यावा, फाइल बदलल्यावर 'मेक' ही आज्ञा द्यावी, आणि बाहेर पडायचे तर 'हॉल्ट' म्हणावे. (या आज्ञा मी येथे देवनागरीत लिहीत असलो तरी त्या रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात.) विंडोजवर फाइलवर दोनदा क्लिक करून इंटरप्रिटर उघडल्यास तो त्याच फोल्डरमध्ये सुरू होतो, त्यामुळे फाइल सापडत नाही ही तक्रार बरीच कमी होते. बाकी वेळा 'पीडब्ल्यूडी' या आज्ञेने आपण कोठे आहोत ते पाहून घ्यावे.

पाठ्यपुस्तकांत प्रोलॉगचा पहिला धडा नेहमी नातेसंबंधांचा असतो: अमुक तमुकाचा बाप, म्हणून तो त्याच्या मुलाचा आजोबा. मी यंदा तो बाजूला ठेवून नद्या घेतल्या, कारण आमच्या वर्गात सिन्नर, निफाड, मालेगाव, दिंडोरी अशा सगळ्या बाजूंची मुले आहेत आणि प्रत्येकाला आपल्या गावाजवळची नदी कोठे जाऊन मिळते हे पाठ नसले तरी माहीत असते. फाइल अशी होती:

मिळते(वालदेवी, दारणा).
मिळते(दारणा, गोदावरी).
मिळते(कादवा, गोदावरी).
मिळते(मुळा, प्रवरा).
मिळते(प्रवरा, गोदावरी).
मिळते(मोसम, गिरणा).
मिळते(गिरणा, तापी).

पाणी_जाते(_अ, _ब) :- मिळते(_अ, _ब).
पाणी_जाते(_अ, _ब) :- मिळते(_अ, _क), पाणी_जाते(_क, _ब).

पहिल्या सात ओळी तथ्ये आहेत. शेवटच्या दोन ओळी नियम आहेत, आणि त्या मराठीत मोठ्याने वाचता येतात: एखादी नदी दुसरीला मिळत असेल तर तिचे पाणी दुसरीत जाते, किंवा ती तिसरीला मिळत असेल आणि तिसरीचे पाणी दुसरीत जात असेल, तरीही जाते. या फाइलमध्ये एकही रोमन अक्षर नाही आणि तरीही इंटरप्रिटर ती विनातक्रार वाचतो, ही या परीक्षणातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. एसडब्ल्यूआय प्रोलॉग युनिकोडची, म्हणजे जगातील लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीतील, अक्षरे नावांत स्वीकारतो. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांपैकी कशानेही तो अडखळत नाही. मोसमचे पाणी कोठे जाते, असे विचारले:

?- पाणी_जाते(मोसम, _कुठे).

उत्तर आले की गिरणा. पुढचे उत्तर मागण्यासाठी अर्धविराम दाबला, तापी. पुन्हा दाबला, आणि 'फॉल्स', म्हणजे आणखी काही सापडत नाही. मग तोच नियम उलट बाजूने विचारला:

?- पाणी_जाते(_कोण, गोदावरी).

आता एकेक करून दारणा, कादवा, प्रवरा, वालदेवी आणि मुळा ही नावे आली. ज्या नद्या थेट गोदावरीला मिळतात त्या आधी, आणि दुसरीच्या मार्गाने येणाऱ्या नंतर, कारण इंटरप्रिटर आपण लिहिलेल्या क्रमानेच नियम तपासतो. एकच नियम दोन्ही दिशांनी चालतो, त्यासाठी एक अक्षरही बदलावे लागत नाही, हे पाहून वर्गात जी शांतता पसरली ती मला सत्रभर पुरली. सी किंवा जावा शिकलेल्या मुलांना फंक्शनला आत काय द्यायचे आणि बाहेर काय येणार हे ठरलेले असण्याची सवय असते.

मराठीतून लिहिणाऱ्याने एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवली पाहिजे. प्रोलॉगमध्ये मोठ्या अक्षराने सुरू होणारे नाव चल, म्हणजे कोणत्याही वस्तूसाठी मोकळी ठेवलेली जागा, मानले जाते आणि लहान अक्षराने सुरू होणारे नाव स्थिर, म्हणजे एका ठरावीक वस्तूचे नाव. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीतच. म्हणून देवनागरीत लिहिलेले प्रत्येक नाव स्थिर धरले जाते, आणि चल हवा असेल तर नावाच्या आधी अधोरेषा द्यावीच लागते. वरील नियमांत ती आहे. एका विद्यार्थिनीने ती गाळली आणि सरळ 'पाणी_जाते(अ, ब) :- मिळते(अ, ब).' असे लिहिले. फाइल बिनबोभाट वाचली गेली, कोणतीही चूक दाखवली गेली नाही, आणि त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला 'फॉल्स' हेच उत्तर येऊ लागले. इंटरप्रिटरच्या दृष्टीने तिने 'अ' नावाची एक नदी आणि 'ब' नावाची दुसरी नदी यांच्याविषयीच नियम लिहिला होता. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष होते, म्हणून इशारा येण्याचे कारण नव्हते. पाऊण तास आम्ही दोघे त्या दोन ओळींकडे पाहत होतो. देवनागरीत काम करणाऱ्याने फाइलच्या पहिल्याच ओळीत, टिप्पणी म्हणून का होईना, ही अधोरेषेची आठवण लिहून ठेवावी असा माझा आग्रह राहील.

याच अधोरेषेमुळे टंकलेखनाचीही अडचण येते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह वजाच्या कळीने विसर्ग उमटतो, आणि जेथे इंग्रजीत अर्धविराम असतो तेथे 'च' आणि शिफ्टसह 'छ' असतो. म्हणजे अधोरेषा, नियमातील अपूर्णविराम आणि पुढचे उत्तर मागण्याचा अर्धविराम यांपैकी एकही चिन्ह कळफलक न बदलता उमटत नाही. पुढचे उत्तर मागताना विद्यार्थी कळफलक बदलायला विसरतात, इंटरप्रिटरकडे 'च' पोहोचतो, आणि ही कोणती कृती ते मला कळले नाही असे उत्तर येते. यावर सोपा उपाय आहे: अर्धविरामाऐवजी स्पेसबार दाबावा, त्यानेही पुढचे उत्तर येते. ही एक गोष्ट फळ्यावर लिहून ठेवल्यावर आमच्या प्रयोगशाळेतील अर्ध्या हाका थांबल्या.

फाइल साठवताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना, हेही पाहावे. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने नोटपॅडमध्ये फाइल साठवताना दुसरा पर्याय निवडला, इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले, आणि पुन्हा उघडली तेव्हा सगळ्या नद्यांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उरल्या होत्या. तो मजकूर परत मिळवता येत नाही. ज्यांच्याकडे प्रोलॉगची जुनी आवृत्ती आहे त्यांनी फाइलच्या आरंभी एन्कोडिंग सांगणारी सूचनाही द्यावी.

यानंतर आमच्या वर्गात जे घडले ते नाशिकमध्येच घडू शकले असते. मी सर्वांना आपापल्या भागातील नद्या लिहून आणायला सांगितल्या होत्या आणि त्या एका फाइलमध्ये एकत्र केल्या. (वेगवेगळ्या फाइली एकामागून एक वाचून घेतल्यास आणि त्या दोन्हींत 'मिळते' असल्यास, नंतरची फाइल आधीच्या फाइलमधील तथ्ये पुसून टाकते, इंटरप्रिटर तसा इशारा देतो, पण तो वाचला जात नाही.) एकत्र फाइलवर गोदावरीचा प्रश्न विचारला, तर दारणा आणि वालदेवी या दोन्ही नद्या गायब. फाइल उघडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. पंचवटीत लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलाने 'मिळते(दारणा, गंगा).' असे लिहिले होते. आमच्याकडे रामकुंडावर जायचे म्हणजे गंगेवर जायचे. गोदावरी हे नाव कागदावरचे, बोलण्यात ती गंगाच. त्याच्या मनात दुसरी नदी नव्हतीच. इंटरप्रिटरला मात्र गंगा आणि गोदावरी ही दोन वेगळी नावे होती, आणि दोन वेगळी नावे म्हणजे दोन वेगळ्या वस्तू.

"सर, मग 'मिळते(गंगा, गोदावरी).' असे एक तथ्य घालून टाकू. सगळ्या येतील," असे एकाने सुचवले. तसे करून पाहिले. दारणा आणि वालदेवी परत आल्या, पण त्यांच्याबरोबर गोदावरीला मिळणारी गंगा नावाची एक नवी उपनदीही यादीत आली. खोटे तथ्य घातले की त्याचे निष्कर्षही पदरात पडतात, हे त्या एका ओळीने जितके स्पष्ट झाले तितके माझ्या व्याख्यानाने झाले नसते. शेवटी त्या मुलाने स्वतःच आपल्या ओळीतील गंगा खोडून गोदावरी लिहिले.

शुद्धलेखनाचाही तोच न्याय. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक झाली की ती दुसरी नदी होते आणि उत्तर 'फॉल्स' येते. प्रश्नातील संबंधाचे नाव चुकल्यास इंटरप्रिटर अशी व्याख्याच नाही असे सांगतो, कधी जवळचे नावही सुचवतो. पण कंसातील नाव चुकल्यास तो गप्प राहतो, कारण तशी एखादी नदी नसेलच असे मानण्याचा त्याला अधिकार नाही. सुरगाणा तालुक्यातील बाऱ्हे हे गावाचे नाव लिहिताना आणखी एक बाब समोर आली. त्यातील ऱ् वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या पद्धतींनी उमटवता येतो; पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण आतील संकेत निराळे असल्याने यंत्र त्यांना दोन नावे समजते. अशा नावांसाठी वर्गात एकच कळफलक ठरवून घ्यावा.

'फॉल्स' या उत्तराविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गैरसमज तेथे होतात. एका मुलीने विचारले, नंदिनी गोदावरीला मिळते का? उत्तर आले 'फॉल्स'. ती रोज नंदिनीवरचा पूल ओलांडून महाविद्यालयात येते. "सर, हे चुकीचे सांगतो आहे," ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे खरे होते, कारण नंदिनी, जिला जुने लोक नासर्डी म्हणतात, नाशिक शहरातच गोदावरीला मिळते. पण आमच्या फाइलमध्ये नंदिनी नव्हती. इंटरप्रिटरच्या 'फॉल्स'चा अर्थ इतकाच, की तुम्ही दिलेल्या तथ्यांवरून आणि नियमांवरून मला हे सिद्ध करता आले नाही. जे सांगितलेले नाही ते खोटे धरायचे, ही त्याची चौकट आहे. मराठीत आपण 'नाही' आणि 'माहीत नाही' यांत सहज फरक करतो. येथे दोन्हींसाठी एकच शब्द आहे, आणि तो कोणत्या अर्थाने आला हे फाइल लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. नकार वापरून नियम लिहिणाऱ्याने तर हे सतत ध्यानात ठेवावे.

नियमांचा क्रम चुकल्यास काय होते, तेही मी मुद्दाम करून दाखवले. दुसऱ्या नियमात आधी 'पाणी_जाते' आणि मग 'मिळते' असे लिहिले, आणि तो नियम सर्वांत वर ठेवला. अर्थाच्या दृष्टीने वाक्य तेच राहते. पण इंटरप्रिटर वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे जातो, त्यामुळे पाणी कोठे जाते हे शोधण्यासाठी तो पुन्हा पाणी कोठे जाते हाच प्रश्न विचारतो, आणि खोल खोल उतरत जातो. ६४ बिटच्या संगणकावर स्टॅकची, म्हणजे अर्धवट राहिलेले प्रश्न लक्षात ठेवण्याच्या जागेची, मर्यादा मुळात एक गिगाबाइट ठेवलेली आहे. ती संपली की काम थांबते, कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता ते दाखवले जाते, आणि प्रश्नचिन्ह परत येते. संगणक गोठत नाही, फाइल जात नाही, पुढचा प्रश्न लगेच विचारता येतो. शिकणाऱ्यांच्या हाती द्यायच्या साधनात हा गुण मला फार मोलाचा वाटतो. यावर 'टेबल' नावाची सोयही आहे: नियमांच्या आधी एका ओळीत त्या संबंधाचे नाव आणि त्यातील घटकांची संख्या सांगितली, की सापडलेली उत्तरे साठवली जातात आणि तोच उलटा नियम नीट चालतो. ही सोय माहीत नसलेले अनेक जण प्रोलॉग निरुपयोगी म्हणून सोडून देतात.

आता उणिवा. चुकांचे संदेश इंग्रजीत आणि फार त्रोटक असतात. एकाच संबंधाची तथ्ये फाइलमध्ये विखुरलेली असतील तर ती एकत्र नाहीत असा इशारा येतो. तो उपयुक्त आहे, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला आपली फाइल बिघडली असे वाटते. 'ट्रेस' चालू केल्यावर प्रत्येक पायरी कॉल, एक्झिट, रीडू, फेल अशा चार शब्दांत दिसते. ती पद्धत उत्तम आहे, मात्र शिक्षकाने एकदा फळ्यावर आकृती काढून समजावल्याशिवाय ती कोणालाही उमगत नाही. मी वालदेवीचा प्रश्न घेऊन तिच्या नऊ-दहा पायऱ्या हाताने मांडल्या, तेव्हा कोठे रीडू म्हणजे मागे येऊन दुसरी वाट धरणे हे ध्यानात आले. 'हेल्प' लिहून कंसात नाव दिले की माहिती तेथेच उघडते, आणि ती भरपूर असते, पण ती वाचण्यासाठी विषय आधीच थोडा यावा लागतो. बरोबर येणाऱ्या संपादकाचा कळक्रम आमच्या मुलांना रुचला नाही. त्यांनी आपल्या नेहमीच्याच संपादकात फाइली लिहिल्या. टर्मिनलच्या खिडकीत देवनागरी कशी दिसेल हे त्या खिडकीवर आणि फाँटवर अवलंबून असते. कोठे मात्रा अक्षरापासून सुटी दिसते, कोठे जोडाक्षर फुटते. उत्तर बरोबर असते, वाचताना मात्र डोळ्यांना त्रास होतो. मी सर्व संगणकांवर फाँट बदलून घेतला.

ज्यांच्याकडे स्वतःचा संगणक नाही, अशा मुलांसाठी ब्राउझरमध्ये चालणारे 'स्विश' हे रूप आहे. मोबाइलवरही ते उघडते, काहीही बसवावे लागत नाही, आणि लहान प्रोग्रॅमसाठी ते पुरते. सुरक्षिततेसाठी तेथे स्वतःच्या फाइली वाचण्यासारख्या गोष्टींवर बंधने आहेत, हे रास्तच आहे. ग्नू प्रोलॉगही मी पूर्वी वापरला आहे; तो आटोपशीर आहे आणि प्रोग्रॅमचे रूपांतर थेट यंत्राच्या भाषेत करतो. पण ग्रंथालये (म्हणजे बरोबर येणारे तयार प्रोग्रॅमांचे संच), मदत आणि शिकवण्याची सोय या तिन्ही बाबतींत मी एसडब्ल्यूआयलाच पसंती देईन. संख्यांवरच्या अटी सोडवणारे त्याचे ग्रंथालय वापरून आम्ही प्रात्यक्षिकांच्या तुकड्यांचे वेळापत्रकही लावून पाहिले. दोन तुकड्या एका वेळी एकाच प्रयोगशाळेत येणार नाहीत, एवढी अट लिहिली आणि बाकीचे त्याने शोधले. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे. ज्या महाविद्यालयात प्रोलॉग नुसता अभ्यासक्रमात आहे म्हणून उरकला जातो, तेथील सहकाऱ्यांनी जुनी प्रत काढून हा इंटरप्रिटर बसवावा आणि पहिली फाइल आपल्या गावच्या शब्दांत लिहून घ्यावी, अशी माझी मनापासून शिफारस आहे.

सत्राच्या शेवटच्या प्रात्यक्षिकाला सुरगाण्याकडून एसटीने येणारा एक विद्यार्थी एक प्रश्न घेऊन आला. आपल्याकडची पार नदी गोदावरीच्या यादीत का येत नाही, असे त्याला घरच्यांनी विचारले होते. त्याने फाइलच्या शेवटी तीन ओळी वाढवल्या:

मिळते(तापी, अरबी_समुद्र).
मिळते(पार, अरबी_समुद्र).
मिळते(गोदावरी, बंगालचा_उपसागर).

मग कळफलक बदलून त्याने प्रश्न टंकला:

?- पाणी_जाते(_कोण, अरबी_समुद्र).

तापी. स्पेसबार. पार. स्पेसबार. मोसम. शेजारच्या संगणकावर मालेगावचा मुलगा बसला होता. तो उठून पडद्यापाशी आला. स्पेसबार. गिरणा. त्यानंतर 'फॉल्स'. दोघांनी मिळून मग बंगालच्या उपसागराचा प्रश्न विचारला, आणि आलेली नावे वहीत दोन रकाने आखून उतरवून घेतली.